पाण्याखालचा सातबारा

‘मग बांध नाही घातला त्यांनी?’

अर्धा तास मी फोनवर सांगत होते, त्यावर अण्णांचा हा पहिला प्रश्न. हिमयुग, वितळणारा बर्फ, उत्तर समुद्राच्या तळाशी गेलेला अख्खा मुलूख, त्यातली माणसं, सगळं त्यांनी ‘हं, हं’ करत ऐकून घेतलं आणि मग थेट मुद्द्यावर आले. खारेपाटातल्या, म्हणजे बांध घालून राखलेल्या खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतल्या माणसाला समुद्र आत आला म्हटलं की दुसरं काही सुचत नाही. बांध कुणाचा होता, तो फुटून खांड कुठे पडली, उघाडीवर, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारावर, कोण होतं.

‘अण्णा, आठ-नऊ हजार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. तेव्हा शेतीच नव्हती तिकडे.’

‘शेती नव्हती तर राखायचं काय मग?’ ते म्हणाले आणि त्यांच्यापुरता विषय मिटला. माझ्यापुरता तो तिथे सुरू झाला.

निमित्त होतं एका हाडाचं. मी गेली अकरा वर्षं नेदरलँड्समध्ये, द हेगजवळ राहते. घरापासून सायकलने वीस मिनिटांवर समुद्र आहे आणि त्याला लागून वाळूचा एक भलामोठा पट्टा. ‘झांडमोटर’ म्हणतात त्याला, म्हणजे वाळूचं इंजिन. २०११ साली इथल्या सरकारने किनाऱ्यापासून दहाएक किलोमीटर आत समुद्राचा तळ उपसून २ कोटी १५ लाख घनमीटर वाळू इथे आणून ओतली. किनारा झिजतोच आहे, तर दर चार-पाच वर्षांनी थोडी थोडी वाळू टाकत बसण्यापेक्षा एकदाच ढीग घालावा आणि तो पसरवायचं काम वाऱ्याला नि लाटांना लावावं, असा हिशेब. पण वाळूबरोबर तळाशी पडलेलं बाकीचंही वर आलं. मॅमथच्या दाढा आल्या, गारगोटीची हत्यारं आली, दगड झालेली तरसाची विष्ठासुद्धा आली. त्यामुळे इथे फिरायला येणारी माणसं समुद्राकडे बघतच नाहीत. जत्रेत पैसा पडल्यासारखी माना खाली घालून चालत असतात.

माझा दहा वर्षांचा मुलगा त्यांच्यातलाच. गेल्या फेब्रुवारीत त्याला बोटाएवढं एक काळं हाड मिळालं. हातात घेतलं तर दगडाचं वजन, नखाने वाजवलं तर कपबशीसारखा आवाज. संग्रहालयात लोकांनी आणलेल्या वस्तू ओळखून देण्याचा दिवस असतो, तिथे आम्ही रांग लावली. टेबलामागच्या बाईंनी ते दोनदा उलटंपालटं केलं आणि सांगितलं, लाल हरणाच्या पायाचं हाड. मुलाचं तोंड उतरलं, त्याला वाघ हवा होता. त्या म्हणाल्या, ‘हे हरीण तू जिथे आज जहाजं बघतोस ना, तिथे गवत खात होतं.’ ते वाक्य त्याच्यापेक्षा मलाच जास्त लागलं.

ब्रिटन आणि नेदरलँड्स-डेन्मार्क यांच्यामध्ये आज जो उथळ, करडा, कायम वैतागलेला समुद्र आहे, तिथे जमीन होती. २० हजार वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन भरात, जगातलं एवढं पाणी बर्फ होऊन बसलं होतं की समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. मग बर्फ वितळू लागला. गवताळ थंड माळावर आधी भूर्ज आणि पाइन आले, मग हेझल, ओक. नद्या, तळी, पाणथळी, त्यात बीव्हर, रानडुक्कर, हरणं आणि त्यांच्या मागावर माणसं. या मुलखाला डॉगरलँड हे नाव ब्रायनी कोल्स या पुरातत्त्वज्ञ बाईंनी १९९८ साली दिलं, म्हणजे नाव माझ्या पुतणीपेक्षा थोडंसंच मोठं. तिथे राहणारे त्याला काय म्हणत असतील? काहीतरी म्हणत असणारच. आमच्या अडीच एकरांत पाच नावं होती.

पहिला मोठा पुरावा मिळाला तो मासेमारीच्या जाळ्यात. सप्टेंबर १९३१. ‘कोलिंडा’ नावाची बोट, इंग्लंडच्या नॉर्फोक किनाऱ्यापासून पंचवीसएक मैलांवर. तळ खरवडत येणाऱ्या जाळ्यात पीटचे गोळे अडकायचे. पीट म्हणजे दलदलीत कुजलेल्या झाडपाल्याचा काळा, घट्ट थर. कोळ्यांना त्याचा मनस्वी तिटकारा. जाळं फाटतं, वजन वाढतं, भाव शून्य. पिलग्रिम लॉकवूड हा कप्तान असाच एक गोळा फावड्याने फोडत होता, तर आत काहीतरी कडक लागलं. त्याला वाटलं, पोलाद. पुसून बघतो तर जवळजवळ वीतभर लांबीचं काळं, एका बाजूला दाते पाडलेलं भाल्याचं टोक, हरणाच्या शिंगाचं. पुढे केंब्रिजच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्या भागातला पीट तपासला. तो गोड्या पाण्याकाठी तयार झालेला निघाला. म्हणजे टोक बोटीतून समुद्रात पडलेलं नव्हतं, ते जमिनीवरच हरवलं होतं. बऱ्याच वर्षांनी त्याचं वय निघालं, साडेतेरा हजार वर्षांच्या आसपास.

मला या गोष्टीत कप्तानाचं फार कौतुक वाटतं. वैतागाने फावडं चालवणारा माणूस, अंगाला माशांचा वास, आणि तो थांबला. पुसून बघितलं. त्याच्याआधी किती जणांनी तसलेच गोळे न फोडता परत समुद्रात ढकलले असतील!

त्या मुलखाचा नकाशा आला मात्र फार उशिरा आणि तोही तेलवाल्यांच्या कृपेने. उत्तर समुद्रात तेल नि वायू शोधणाऱ्या कंपन्यांनी ध्वनिलहरी सोडून तळाखालच्या थरांची पाहणी करून ठेवली होती. त्यांना रस होता खूप खोलवर. वरचे काही मीटर त्यांच्या दृष्टीने कचरा. बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या व्हिन्स गॅफनी यांच्या गटाने तो कचरा मागून घेतला आणि त्यातून नद्यांची वळणं, तळी, किनारे असा हजारो चौरस किलोमीटरचा मुलूख उभा केला.

हे वाचलं तेव्हा मला माझा मामा आठवला. तो बॉम्बे हायवर होता. चौदा दिवस समुद्रात, चौदा दिवस घरी. जुहूहून हेलिकॉप्टरने जायचा आणि परत आला की पहिले दोन दिवस त्याला जमीन हलल्यासारखी वाटायची. बॉम्बे हाय मुंबईपासून १६० किलोमीटरवर आणि तिथे पाण्याची खोली ७५ मीटरच्या आसपास. आता १२० मधून ७५ वजा करा. मामा ज्या लोखंडी मचाणावर उभा राहून चहा प्यायचा, त्याखालचा तळ एके काळी कोरडा होता. तिथून चालत घरी येता आलं असतं. परशुरामाने बाण मारून समुद्र मागे हटवला आणि कोकण वर काढलं, ही गोष्ट आजीने आम्हाला इतक्या वेळा सांगितली होती की भूगोलाच्या पुस्तकाआधी ती पाठ झाली. हिमयुगानंतरचा हिशेब नेमका उलटा. समुद्राने आपली जमीन घेतली आणि जे उरलं त्याला आपण कोकण म्हणतो. मुंबईत १८७०च्या दशकात प्रिन्सेस डॉकसाठी खोदत असताना चिखलाखाली झाडांची शेकडो खोडं सापडली होती, कित्येक मुळांवर उभीच्या उभी. लाकूड खैराचं. खैर काही खाऱ्या पाण्यात उगवत नाही. आजीला हे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, ‘असंल. पण बाण मारला तो मारलाच.’

तर प्रश्न असा, की त्या माणसांनी केलं काय?

पुस्तकांतून आणि माहितीपटांतून याचं एक ठरलेलं उत्तर मिळतं: त्यांनी परिस्थितीशी जुळवून घेतलं. मला हा शब्द खटकतो. आमच्याकडे ‘जुळवून घे’ हे नव्या नवरीला सांगतात, दाराशी, पदराने डोळे पुसत. ज्याच्या हातात दुसरं काही नाही त्यालाच जुळवून घ्यायला सांगतात. समुद्राला कुणी सांगितल्याचं मी ऐकलेलं नाही. शिवाय त्या शब्दात सगळं फार झटपट होतं. जणू एका पिढीने सभा घेतली, ठराव केला, तंबू उचलले नि सरकली.

खारेपाटात समुद्र पहिल्यांदा दिसतो तो विहिरीत. पाणी मचूळ लागायला लागतं. चहा फाटतो, डाळ शिजत नाही. बांध अजून जागेवर असतो, शेत हिरवं असतं, पण घरातली बाई ओळखते. डॉगरलँडमध्येही काहीसं असंच झालं असणार, फक्त तिथे खारटपणाच्या आधी गोडं पाणी चढलं. समुद्र वर आला की नद्यांना उतार राहत नाही, पाणी तुंबतं, जमिनीखालची पातळी उचलली जाते. हेझलची मुळं कुजतात. झाडं उभ्या उभ्या वाळतात, मध्ये लव्हाळे येतात, त्यांचा चिखल नि पीट होतो. त्यानंतर कधीतरी खारं पाणी, मग गाळ, मग शिंपले. डच भूशास्त्रज्ञ समुद्राच्या तळात भोकं पाडून या पीटचा सर्वांत खालचा थर वर काढतात आणि त्याचं वय मोजतात. दलदल कधी सुरू झाली ते कळलं की पाणी त्या उंचीला कधी पोचलं ते कळतं. असे कितीतरी नमुने जोडून त्यांनी काढलेला आकडा आहे: ११ हजार ते ३ हजार वर्षांपूर्वीच्या काळात सुमारे ३८ मीटर चढ. सगळीकडे सारखा नाही. काही काळ संथ, तर काही शतकांत एका मीटरहून जास्त.

शतकाला एक मीटर म्हणजे वर्षाला एक सेंटिमीटर, करंगळीच्या नखाएवढा. ऐकायला काहीच नाही. पण जमीन ताटासारखी सपाट असली की तेवढ्यात किनारा कुठल्या कुठे आत येतो. चाळीस वर्षं जगलेल्या बाईने पोरवयात जिथे हेझलच्या बिया वेचल्या, तिथे तिच्या नातवंडांनी बदकं मारली असतील आणि नातवंडांच्या नातवंडांनी जाळी लावली असतील. प्रत्येकाला वाटलं असेल, हे असंच असतं.

हाडांतही तसंच दिसतं. डच मच्छिमारांना आणि किनाऱ्यावर फिरणाऱ्यांना मिळालेल्या मानवी अस्थींची रासायनिक तपासणी झाली आहे. आपण जे खातो त्याची खूण हाडांत राहते, आणि या माणसांच्या हाडांत गोड्या पाण्यातल्या माशांची खूण ठळक आहे. जमीन पाणथळ होत गेली तशी ताटातली शिकार कमी होऊन मासा वाढला. आमच्याकडे भातशेतीच्या कडेला तळं खणून जिताडा पाळतात, पाहुणा आला की तळ्यात जाळं टाकतात. तो काही कुणी संशोधन करून सुरू केलेला उद्योग नव्हे. पाणी घरात यायलाच टपलेलं आहे, तर येताना काहीतरी घेऊन येऊ दे, एवढाच त्यामागचा विचार.

याच माणसांच्या दातेरी टोकांचीही तपासणी झाली. इथल्या वाळूत अशी शेकडो मिळाली आहेत, बहुतेक बोटाएवढी लहान. दहा टोकं निवडून ती कुठल्या प्राण्याच्या हाडाची ते पाहिलं. आठ निघाली लाल हरणाची. दोन माणसाची. आसपास हाडांना तोटा नव्हता, तरी कुणीतरी माणसाचं हाड घेतलं, घासलं, दाते पाडले, काठीला बांधलं आणि घेऊन शिकारीला गेलं. शत्रूचं असेल की आजोबांचं? मला आपलं वाटतं, आजोबांचं. ज्यांना एका जागी स्मशान धरून ठेवता येत नाही, त्यांनी आपली माणसं बरोबर न्यायची कशी?

पण मग मी लायडनला त्रायन्त्येला बघितलं आणि माझं हे म्हणणं जरा डळमळीत झालं.

१९९७ साली रॉटरडॅमहून जर्मनीकडे जाणाऱ्या मालगाडीचा मार्ग टाकताना हार्डिंक्सफेल्ड-गीसेन्डाम या गावाजवळ, जमिनीखाली कित्येक मीटर, वाळूची एक जुनी टेकडी लागली. हिमयुगाच्या शेवटी कोरड्या नदीपात्रातली वाळू वाऱ्याने उडून अशा टेकड्या झाल्या. डच लोक त्यांना ‘डोंक’ म्हणतात. भोवती पाणी चढत गेलं, दलदल पसरली, आणि या टेकड्यांचे माथे तेवढे बेटांसारखे राहिले. त्या टेकडीवर एका बाईचा जवळजवळ पूर्ण सांगाडा मिळाला. साडेसात हजार वर्षांपूर्वीची, चाळीस ते साठच्या मधली, पाच फुटांहून थोडी उंच. रेल्वेमुळे सापडली म्हणून तिचं नाव ठेवलं त्रायन्त्ये: हे डच बाईचं नावही आहे आणि ‘आगीनगाडी’ला लाडाने म्हणावं तसंही ऐकू येतं. इतक्या जुन्या बाईचं नाव विनोदावर ठेवावं का, हा प्रश्न मला पडला. इथल्या कुणाला पडलेला दिसला नाही.

संग्रहालयात ती पाठीवर निजली आहे. दात झिजलेले. मी काचेपाशी बराच वेळ उभी होते. शाळेची एक सहल आली, गेली.

ती माणसं तिथे मुख्यतः हिवाळ्यात येत. पाईक मासे, बदकं, बीव्हर, पाणमांजर आणि शिंगाडे. हो, आपल्या उपासाचे शिंगाडे. त्यांचे कुत्रेही तिथे पुरलेले मिळाले. बोटी होत्या, झाडाचं खोड कोरून केलेल्या. दरवर्षी परत येत आणि टेकडी दरवर्षी किंचित लहान झालेली असे. उतारावर पीट चढत होता. कालची चूल आज चिखलात, म्हणून नवी चूल थोडी वर. अशी शेकडो वर्षं. उत्खननात हे थर एकावर एक दिसतात, माघारीची पावलं मोजून ठेवल्यासारखे. आणि तरीही त्यांनी आपली बाई तिथेच पुरली. कुठे कायमच्या कोरड्या जमिनीवर नेली नाही. जागा जाणार हे त्यांना दिसत होतं का? दिसत असूनही पुरलं का? आज रॉटरडॅमच्या बंदरात, जिथे कंटेनरची जहाजं वळतात, तिथे तर अशीच एक टेकडी समुद्रसपाटीपासून वीसेक मीटर खाली मिळाली. तिच्यावरच्या जळक्या हाडांचे तुकडे मोठ्या यंत्राच्या जबड्याने उचलून चाळणीतून काढले. नऊ हजार वर्षांपूर्वी कुणीतरी तिथे मासे भाजले होते.

डॉगरलँड म्हटलं की लोकांना हवी असते ती लाट, आणि लाट आलीही होती. सुमारे ८१५० वर्षांपूर्वी नॉर्वेजवळ समुद्राच्या तळाचा प्रचंड कडा घसरला. स्टोरेगा म्हणतात त्या जागेला. शेटलंडच्या बेटांवर पाणी वीस मीटरहून उंच चढलं. नॉर्वेत त्या गाळाखाली हिरवंच दबलेलं शेवाळ मिळालं, त्याच्या कोवळ्या वाढीवरून लाट शरद ऋतूच्या शेवटी आली असावी इथपर्यंत शोध लागला आहे. किनाऱ्यावर त्या दिवशी जे होते, त्यांचं काय झालं असेल ते सांगायला नको. पण तोवर डॉगरलँड बहुतेक बुडालंच होतं, आणि जी बेटं उरली होती त्यातली काही लाटेनंतरही राहिली, असं अलीकडचं संशोधन सांगतं. म्हणजे मारलं ते करंगळीच्या नखाने. लाटेवर चित्रपट निघतो, नखावर निघत नाही.

अण्णांच्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला डॉगरलँडमध्ये मिळालं नाही. ते मिळालं इस्रायलच्या किनाऱ्यावर, हैफाच्या दक्षिणेला. तिथे समुद्रात बुडालेली शेतकऱ्यांची गावं आहेत. त्यातलं अतलित याम नऊ हजार वर्षांपूर्वीच्या आसपासचं. तिथली विहीर साडेपाच मीटर खोल, दगडांनी बांधलेली. समुद्र सरकत आला, विहिरीचं पाणी खारट झालं आणि लोकांनी तिच्यात केरकचरा, जनावरांची हाडं टाकून ती भरली. एवढी मेहनतीने बांधलेली विहीर! दुसरं गाव तेल ह्राइझ, सात हजार वर्षांपूर्वीचं. त्या गावाने समुद्राच्या बाजूला मोठमोठे धोंडे रचून शंभर मीटरहून लांब भिंत घातली. जगात आजवर सापडलेल्या सर्वांत जुन्या समुद्रबांधांपैकी एक. तिथे पाणी वर्षाला चार ते सात मिलिमीटर चढत होतं, म्हणजे तिशीतल्या माणसाने आपल्या हयातीत ते अर्धी वीत ते वीतभर चढलेलं बघितलं. वादळी भरती घरापर्यंत यायला लागली असेल, मग गाव जमला आणि एकेक धोंडा ओढून आणला.

‘बघा अण्णा, घातला होता बांध,’ मी फोन करून सांगितलं.

‘माती?’

‘नाही, नुसते दगड.’

‘मध्ये चिखल नाही भरला? पेंढा, काही?’

‘नाही बहुतेक.’

‘मग जाणारच की,’ ते म्हणाले. ‘पाणी दगडाला नाही भीत. चिखलाला भितं.’ आणि गाव सोडून गेले का ते लोक, असं विचारून, हो म्हटल्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत.

अण्णा तीन उन्हाळ्यांपूर्वी इथे आले होते. मी त्यांना मोठमोठे दरवाजे, पूल, पवनचक्क्या सगळं दाखवायचं ठरवलं होतं. त्यांना बघायचा होता बांध. आम्ही एका डाइकवर गेलो. वर गवत, गवतावर मेंढ्या, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला खाली घरं. अण्णांनी चपला काढल्या, अनवाणी चालत गेले, मध्येच बसून गवत उपटून मुळं बघितली, उतारावर हात फिरवला. ‘खेकडे नाहीत?’ त्यांनी विचारलं. आमच्याकडे बांध फुटतो तो पुष्कळदा खेकड्याच्या बिळापासून. बिळातून पाणी झिरपतं, माती सैल होते आणि श्रावण-भाद्रपदाच्या उधाणात तेवढीच जागा खचते. मी सांगितलं, खेकडा नाही पण एक मोठा पाणउंदीर आहे, तो डाइकमध्ये बिळं करतो, म्हणून त्याला पकडायला इथे पगारी माणसं नेमलेली असतात.

‘उंदीर पकडायला पगार?’

‘हो. पाण्याच्या कारभारासाठी इथे वेगळी मंडळं आहेत, त्यांची निवडणूक होते, वेगळा कर असतो. ती नेमतात.’

अण्णा एवढे खूश झालेले मी माझ्या लग्नातही पाहिले नव्हते. गावी परतल्यावर त्यांनी विमानाचं, ट्यूलिपचं काही सांगितलं नाही. पारावर पहिली गोष्ट सांगितली ती उंदरांच्या माणसाची.

आमच्या बांधाला खांड पडली तेव्हा मी नववीत होते. भाद्रपदातली अमावास्या, रात्रीची भरती. पूर्वी अशा वेळी घरटी एक माणूस निघायचा. चिखलाचे गोळे हातोहात पुढे जायचे, पेंढा, खुंट, आणि सुकतीच्या चार-पाच तासांत खांड बुजायची. त्या साली गावात तरुण माणसं मोजकीच उरली होती, बाकीची कारखान्यांत आणि मुंबईत. दुरुस्ती सरकारने करायची म्हणून अर्ज गेला. अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरला, पाहणी झाली, अंदाजपत्रक झालं आणि तोवर दोन पावसाळे गेले. पहिल्या वर्षी रात्याचं भात करपलं. राता हा खाऱ्या जमिनीतला तांबडा भात, तोही जिथे करपला तिथे बाकीच्यांचं काय. दुसऱ्या वर्षी चिखलात कांदळाची कोंबं दिसली. आता तिथे दाट कांदळवन आहे, बगळे बसतात, आणि ते तोडायला कायद्याने बंदी. बंदी योग्यच आहे, हे मी इथे बसून म्हणू शकते.

सातबाऱ्यावर मात्र अजून अण्णांचं नाव आहे. अडीच एकर, पीक भात. दरवर्षी ते तलाठ्याकडून उतारा काढून आणतात, घडी घालून आईच्या फोटोमागे ठेवतात. एकदा मी रागाने म्हटलं होतं, कशाला तो कागद? खाडी आहे तिथे. ते म्हणाले, ‘खाडी आहे ते खाडीला माहीत. कागदाला कुठे माहीत आहे?’

त्रायन्त्येच्या लोकांकडे कागद नव्हता. माझा एक समज होता, की म्हणूनच त्यांना सरकणं सोपं गेलं असेल. ना बांध, ना विहीर, ना सातबारा. बोट ओढली की झालं. आता तसं ठामपणे म्हणवत नाही. दरवर्षी आक्रसत जाणाऱ्या त्याच टेकडीवर परत यायचं, चूल हातभर वर सरकवायची, कुत्रा मेला तर तिथेच पुरायचा, हेही एक प्रकारे उतारा काढून आणणंच की.

परवा रविवारी अण्णांनी व्हिडिओ कॉल केला. सुकती होती, ते चिखलात उभे, लुंगी गुडघ्याच्या वर, फोन शेजारच्या पोराच्या हातात. जुन्या खांडीच्या तोंडाशी ते हल्ली जाळं लावतात. त्या दिवशी जिताडा मिळाला होता, चांगला दोन किलोचा. मुलाने इकडून विचारलं, ‘आजोबा, हे आपलं शेत आहे?’

‘मग कुणाचं?’ अण्णा म्हणाले, आणि काठीने दाखवायला लागले. ‘ती तिवरांची रांग दिसते ना, ती मोठी खार. इकडे धाकटी. तो बगळा बसलाय ती कोपरी. मधली लांबट होती तिला आम्ही वीत म्हणायचो, आणि मी उभा आहे ते बेणं. बियाणं टाकायचो इथं.’

मुलाने कागद घेतला आणि पाची नावं लिहून घेतली. देवनागरीत, ‘खार’चा ‘ख’ चुकवून. हरणाचं हाड असतं त्या बिस्किटाच्या डब्यात त्याने तो कागद टाकला.

‘तुमच्याकडे भरती किती वाजता आज?’ अण्णांनी विचारलं. रोजचा प्रश्न आहे त्यांचा. मी फोनवर बघून सांगितलं. त्यांनी मनात काहीतरी हिशेब केला, मान हलवली आणि पोराला म्हणाले, ‘चल, पाणी फिरलं.’